मौलाना आझाद : नगरच्या किल्ल्यातले कैदी आणि देशाचे पहिले शिक्षणमंत्री



दरवर्षी ११ नोव्हेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा करतो. २००८ पासून ही प्रथा आहे. फोटोला हार, फळ्यावर सुविचार, दोन-तीन मुलांची भाषणं, एवढा कार्यक्रम होतो. भाषणातल्या ओळीही ठरलेल्या असतात: मौलाना आझादांचा जन्म मक्केत झाला, ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले, १९९२ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. या ओळी बरोबरच आहेत. पण त्यांच्या आयुष्यातली दहा वर्षं तुरुंगात आणि नजरकैदेत गेली, हे त्यात येत नाही. का गेली, हे तर मुळीच येत नाही.

आपल्या सावेडीतून भुईकोट किल्ल्यात जायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. त्याच किल्ल्यात हे गृहस्थ दोन वर्षं आठ महिने कोंडलेले होते. मागे पाचवीच्या वर्गात हा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने विचारलं, त्यांना किती वर्षांची शिक्षा झाली होती? उत्तर असं आहे की शिक्षा झालीच नव्हती. खटलाच चालला नाही, तर शिक्षा कोण देणार? या प्रश्नाला धरूनच आज त्यांचं चरित्र पाहू या.

शाळेत न गेलेला मुलगा

आझादांचं मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. जन्म ११ नोव्हेंबर १८८८. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे धर्मपंडित होते. घराणं दिल्लीचं, पण ते मक्केत जाऊन राहिले होते. आई अरब. मुलगा लहान असतानाच कुटुंब कोलकात्याला आलं.

देशाचा हा पहिला शिक्षणमंत्री कधी शाळेत गेला नाही, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. वडिलांचा नव्या शिक्षणावर विश्वास नव्हता. त्यामुळे अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित हे सगळं घरीच झालं. जो अभ्यासक्रम संपवायला इतरांना विशी-पंचविशी उजाडायची, तो या मुलाने सोळाव्या वर्षाच्या आसपास संपवला. वडिलांची गादी तयार होती, शिष्य होते, मान होता. तो मुकाट्याने पुढे चालवला असता तर आयुष्य सुखात गेलं असतं.

पण सर सय्यद अहमद खान यांचं लेखन हातात पडलं आणि त्यांना वाटलं की आधुनिक ज्ञानाशिवाय माणूस अर्धाच शिकलेला राहतो. मग शब्दकोश समोर ठेवून ते स्वतःच इंग्रजी वाचायला शिकले. घरातून मिळालेल्या समजुती त्यांनी एकेक करून तपासायला घेतल्या. तपासल्याशिवाय काहीच मानायचं नाही असं ठरल्यावर त्यांनी स्वतःला टोपणनाव घेतलं आझाद, म्हणजे मोकळा, मुक्त. पुढे तेच नाव कायम राहिलं.

आधी अनामत, मग छापखाना, मग माणूस

जुलै १९१२ मध्ये कोलकात्यात त्यांनी अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं तेवीस. मुस्लिमांनी इंग्रज सरकारशी जुळवून घ्यावं आणि स्वातंत्र्याच्या चळवळीपासून लांब राहावं, असं त्या काळातले अनेक मुस्लिम पुढारी सांगत होते. आझादांनी नेमकं उलट लिहिलं. दोन-तीन वर्षांत अंकाचा खप आठवड्याला २६ हजारांवर गेला. उर्दू पत्रकारितेत तोवर असं घडलं नव्हतं.

सरकारने काय केलं, ते क्रमाने पाहा. १९१० चा प्रेस कायदा हाताशी होताच. या कायद्याने सरकार छापखान्याकडून अनामत रक्कम मागू शकत होतं. छापलेला मजकूर सरकारला आक्षेपार्ह वाटला की अनामत जप्त. त्यासाठी आधी कोर्टात गुन्हा सिद्ध करावा लागत नव्हता. आझादांकडून दोन हजार रुपये मागितले गेले. ते जप्त झाले. मग दहा हजार मागितले. तेही गेले. शेवटी छापखानाच गेला. त्यांनी अल-बलाग या नावाने नवा अंक काढला, तेव्हा १९१६ साली त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आलं. इतर बऱ्याच प्रांतांनी आधीच प्रवेशबंदी केली होती. ते रांचीला गेले आणि तिथेच त्यांना नजरकैदेत ठेवलं गेलं. सुटका झाली ती १९२० च्या सुरुवातीला.

शिक्षक म्हणून मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. स्वातंत्र्य एका रात्रीत काढून घेतात असं मुलांना वाटतं, कारण पुस्तकात ते एका ओळीत येतं. प्रत्यक्षात आधी नुसती अनामत असते. ती भरून प्रश्न मिटेल असं लोकांना वाटतं. मग छापखाना जातो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. मग एखादा माणूस गावातून हलवला जातो. प्रत्येक पायरीला कारण एकच दिलेलं असतं: शांतता आणि सुरक्षितता.

रांचीतही ते स्वस्थ बसले नाहीत. तिथल्या मशिदीत प्रवचनं दिली, एक मदरसा उभा केला आणि कुराणाचं उर्दू भाषांतर व भाष्य लिहायला घेतलं. पोलिसांच्या झडत्यांमध्ये त्याचे कागद उचलले गेले. पुढे पुन्हा लिहावं लागलं.

आरोपीच्या पिंजऱ्यात

असहकार चळवळीत डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना कोलकात्यात अटक झाली. आरोप राजद्रोहाचा. या वेळी खटला चालला. आझादांनी कोर्टात लेखी निवेदन दिलं. ते पुढे कौल-ए-फैसल या नावाने प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी बचाव केलाच नाही. अन्यायी सरकारला अन्यायी म्हणणं हा गुन्हा असेल तर तो आपण केला आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. इतिहासात लढाईच्या मैदानाखालोखाल सर्वात मोठे अन्याय न्यायालयांत झाले आहेत, हेही त्यांनी लिहिलं आणि सॉक्रेटिस, येशू, गॅलिलिओ यांची आठवण करून दिली. आपल्याकडच्या मुलांना लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला माहीत असतो. त्याच्या शेजारी हा खटला ठेवून शिकवावा. कलम तेच होतं, आणि सरकारही तेच. आझादांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

धर्म आणि राष्ट्र

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुरुवातीचे आझाद आणि नंतरचे आझाद अगदी सारखे नाहीत. अल-हिलालच्या आणि खिलाफत चळवळीच्या काळात ते मुस्लिमांना धर्माच्या भाषेत राजकारणात बोलावत होते. तुर्कस्तानच्या खलिफासाठी भारतात आंदोलन करून काय मिळालं, असं अभ्यासक आजही विचारतात. १९२४ साली तर तुर्कस्ताननेच खिलाफत बरखास्त केली. धर्माच्या नावाने माणसं लवकर जमतात, पण जमलेली माणसं पुढे कुठे जातील ते बोलावणाऱ्याच्या हातात राहत नाही. आझादांचा पुढचा प्रवास पाहिला की हे त्यांना उमगत गेलं असं दिसतं.

१९२३ साली दिल्लीच्या विशेष अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. वयाची पस्तिशीही पुरी झाली नव्हती. तिथे त्यांनी सांगितलं की एखाद्या देवदूताने कुतुबमिनारावर उतरून हिंदू-मुस्लिम ऐक्य सोडण्याच्या बदल्यात चोवीस तासांत स्वराज्य देऊ केलं, तरी आपण ते नाकारू. स्वराज्य लांबलं तर नुकसान भारताचं होईल, ऐक्य गेलं तर ते सगळ्या माणुसकीचं होईल, हा त्यांचा हिशेब होता.

कुराणाच्या भाष्यात त्यांनी पहिल्याच सूऱ्यावर सविस्तर लिहिलं. ईश्वर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, म्हणजे तो कुठल्याही एका जमातीचा नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पालन, दया आणि न्याय ही ईश्वराची लक्षणं त्यांनी उलगडून दाखवली. सर्व धर्मांचं मूळ एक आहे आणि आचार मात्र काळ-स्थळाप्रमाणे वेगळे झाले, असं ते सांगत. आपल्या वारकरी संतांची शिकवण ज्या घरात आहे, तिथे हे समजायला अवघड जाणार नाही.

आता देशातली परिस्थिती पाहा. १९३७ च्या अहमदाबाद अधिवेशनात हिंदू महासभेच्या व्यासपीठावरून स्वा. सावरकरांनी हिंदू आणि मुस्लिम ही भारतातली दोन राष्ट्रं असल्याची मांडणी केली होती. मात्र देशाचे तुकडे होणं त्यांना मान्य नव्हतं. मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला मुस्लिमबहुल भागांसाठी वेगळ्या राज्यांचा ठराव केला. त्याच आठवड्यात रामगडला काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि अध्यक्षपदावर आझाद होते. आपण मुसलमान आहोत आणि तेराशे वर्षांच्या इस्लामी वारशाचा तिळभरही भाग सोडणार नाही, हे त्यांनी सांगितलं. त्याच दमात, आपण भारतीय आहोत आणि या देशाच्या घडणीतला आपला वाटा कुणी वेगळा काढू शकत नाही, हेही सांगितलं. या दोन गोष्टींतली एक निवडा, असं त्यांना दोन्ही बाजूंचे लोक म्हणत होते. त्यांनी निवडायला नकार दिला.

याची किंमतही मोजली. जिनांनी तारेने त्यांना काँग्रेसचा दिखाऊ मुसलमान अध्यक्ष म्हणून हिणवलं. स्वतःच्या समाजातल्या मोठ्या गटाने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

किल्ल्यातले दिवस

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. अध्यक्ष आझादच होते. दुसऱ्या दिवशी पहाट होण्याआधी पोलिस दारात. नेत्यांना रेल्वेने पुण्याकडे आणलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात. ज्या तटावरून चाँदबीबी मोगलांशी लढली, त्याच्या आत आता बारा कैदी आले: आझाद, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष. यादी नीट वाचा. किती प्रांत, किती भाषा, आणि एकाच अंगणाभोवतीच्या खोल्या. नेहरूंनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ १९४४ साली इथेच लिहिला.

भारत संरक्षण नियमांखाली ही स्थानबद्धता होती. आरोपपत्र नाही, वकील नाही, सुटकेची तारीख नाही. पहिले काही आठवडे वर्तमानपत्र आणि पत्रंही बंद. आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतःचा चहा करत आणि लिहायला बसत. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला त्यांनी पत्रं लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, हे माहीत असूनही लिहिली. १९४६ साली ती गुबार-ए-खातिर या नावाने छापली गेली आणि उर्दू गद्यातलं एक उत्तम पुस्तक ठरली.

या पत्रांत चहा आहे, संगीत आहे आणि चिमण्याही आहेत. आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली होती. कचऱ्याला कंटाळून त्यांनी आधी त्यांच्याशी युद्ध पुकारलं आणि हरले. मग तांदळाचे दाणे टाकायला लागले. हळूहळू चिमण्या हातावर येऊन दाणे टिपू लागल्या. त्यांना नावंसुद्धा दिली: मोती, कलंदर, मुल्ला, सूफी. लहान वर्गांना ही गोष्ट जरूर सांगा.

एक हिशेबही त्यांनी मांडला आहे. तोवरच्या तुरुंगवासांची बेरीज आली सात वर्षं आठ महिने, आणि वय होतं त्रेपन्न. म्हणजे आयुष्यातल्या दर सात दिवसांपैकी एक दिवस कैदेत. आठवड्याची ही सुट्टी सरकारने आपल्याला नियमाने दिली, अशी थट्टा त्यांनी केली.

थट्टेच्या मागे काय होतं, ते १९४३ मध्ये दिसलं. पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात गंभीर आजारी पडल्या. तुरुंगाच्या अधीक्षकांनी आझादांना सांगितलं की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती लगेच मुंबईला कळवतो. आझाद म्हणाले, काही विनंती नाही. नेहरू येऊन बोलले, तरी निर्णय तोच. ९ एप्रिल १९४३ ला पत्नी गेली. वर्तमानपत्र यायची वेळ झाली की आतून जीव कासावीस व्हायचा आणि वरून शांतपणाचा देखावा करावा लागायचा, हे त्यांनी पत्रात लपवलेलं नाही. किल्ल्याच्या त्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. त्या दिवसांत तिच्याकडे पाहून काय वाटलं, तेही लिहिलं आहे. पुढे तीनच महिन्यांनी बहीण गेल्याची बातमी आली.

त्यांनी अर्ज करायला हवा होता का? यावर दोन मतं असू शकतात, आणि मोठ्या मुलांच्या वर्गात ती होऊ द्यावीत. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. खटल्याशिवाय कोंडलेल्या माणसाला न्याय हक्काने मिळत नाही, तो मेहेरबानी म्हणून मागावा लागतो. आझादांना ती मेहेरबानी नको होती. या सगळ्याची किंमत कोलकात्यात एकट्या पडलेल्या बाईनेही मोजली, हे मुलींना आणि मुलांना दोघांनाही सांगायला हवं.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना नगरहून बंगालमध्ये बांकुऱ्याला हलवलं आणि जूनमध्ये सोडलं.

फाळणी आणि नंतर

फाळणी टाळण्यासाठी त्यांनी शेवटपर्यंत प्रयत्न केले. ती झालीच. ऑक्टोबर १९४७ मध्ये घाबरून दिल्ली सोडायला निघालेल्या मुस्लिमांना त्यांनी जामा मशिदीतून सवाल केला की तुम्ही कुठे निघालात आणि का? हे शहर, या मशिदी, हा इतिहास तुमचाच आहे, इथेच राहा. आश्रयाला आलेल्यांसाठी त्यांच्या घराच्या आवारात तंबू ठोकले गेले होते.

१५ ऑगस्ट १९४७ पासून २२ फेब्रुवारी १९५८ रोजी निधन होईपर्यंत शिक्षण खातं त्यांच्याकडे होतं. विद्यापीठ शिक्षण आयोग (१९४८), खरगपूरची आयआयटी (१९५१), माध्यमिक शिक्षण आयोग (१९५२), विद्यापीठ अनुदान आयोग (१९५३), साहित्य अकादमी (१९५४) ही सगळी याच काळातली कामं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणि प्रौढांसाठी समाजशिक्षण यांचा ते आग्रह धरत. कारण सरळ होतं. प्रत्येक प्रौढाला मत दिलं आहे, तर त्या मतामागे विचार करायची ताकद शाळेनेच द्यायची आहे. नाहीतर धर्माच्या, जातीच्या नावाने हाक मारणारा कुणीही ते मत घेऊन जाईल.

आणि एक अवघड गोष्टही नोंदवू या. खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा अधिकार इंग्रजांबरोबर गेला नाही. १९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीवर घालता येणाऱ्या बंधनांची यादी वाढली. ज्यांच्या मंत्रिमंडळात हे झालं, त्यात नगरच्या किल्ल्यातले कैदीही होते, आझादही होते. पुढे १९७५ च्या आणीबाणीत मिसाखाली हजारो माणसं विनाखटला आत गेली आणि वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासली जाऊ लागली. सरकार आपल्या लोकांचं असलं की अशा हत्यारांची भीती वाटेनाशी होते. म्हणून स्वातंत्र्याची राखण हे सरकारवर सोपवून मोकळं होण्याचं काम नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. नकाशावर मक्का, कोलकाता, रांची, मेरठ, नगर, बांकुरा, दिल्ली जोडून घ्या. मेरठच्या तुरुंगात ते मिठाच्या सत्याग्रहानंतर होते.

२. गणिताच्या तासाला सातातल्या एका दिवसाचा हिशेब मुलांकडून करून घ्या. त्रेपन्न भागिले सात. उत्तर त्यांचं त्यांना काढू द्या.

३. वर्गमंत्री गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो, हे सगळीकडे चालतं. एक दिवस थांबून विचारा: ज्याचं नाव लिहिलं, त्याला काही सांगायचं आहे का ते कुणी विचारलं? नाव लिहिणारा आणि शिक्षा ठरवणारा एकच असावा का? न्याय हा शब्द मुलांना यातून पटकन कळतो.

४. परिपाठात आपण उद्देशिका म्हणतो. ११ नोव्हेंबर ते २६ नोव्हेंबर, म्हणजे शिक्षण दिन ते संविधान दिन, या पंधरवड्यात रोज एक शब्द घ्या. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. प्रत्येक शब्दाला मुलांच्या मोहल्ल्यातलं, वाडीतलं उदाहरण शोधू द्या.

५. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सहल न्यायची असेल तर परवानगीची चौकशी आधी करा.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हाला. अमुक धर्माचे लोक या देशाचे नाहीत, असा निरोप मोबाईलवर आला की तो पुढे पाठवण्याआधी मुलांसमोर मोठ्याने वाचा आणि त्यांनाच विचारा, हे खरं कशावरून? घरातल्या समजुती तपासून पाहणारं एक पोर शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात होतं. आपल्या सावेडीतल्या पोरांनाही तेवढी मुभा असू द्या.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या गटावर जरूर पाठवा.